कॉमेट नावाची होडी

मार्गशीर्ष लागला की दिवाळ्याच्या कोळीवाड्याकडून सुकत्या जवळ्याचा वास आमच्या खिडकीत येतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर तक्रारी सुरू होतात. कुणी म्हणतं खिडक्या लावून घ्या, कुणी म्हणतं पालिकेला कळवा. मी आपली गप्प बसते. अर्धं आयुष्य ज्या वासात काढलं त्याच्याविरुद्ध अर्ज कसा करायचा? उलट मी खिडकी आणखी थोडी उघडते आणि खुर्ची ओढून बसते. ऊन पाठीवर घ्यायचं, वास नाकात घ्यायचा, आणि सून ओरडेपर्यंत उठायचं नाही, असा माझा हिवाळ्यातला कार्यक्रम असतो.

यंदा त्यात विमानांची भर पडली आहे. नवा विमानतळ खाडीपलीकडे हाकेच्या अंतरावर, त्यामुळे विमानं इतकी खालून जातात की चहाच्या कपातला चहा थरथरतो. घरात कुणी मान वर करत नाही. मी करते. मला पंख दिसत नाहीत, खिडक्या दिसत नाहीत, मी शेपटीच बघते. शेपटीवर काय काढलंय ते दिसलं की मगच माझी मान खाली येते. नात म्हणते, ‘‘आजी, तुला काय करायचंय ते कुणाचं आहे?’’ तिला एकदा नीट सांगायला हवं. सांगायला बसले की ती फोन बघते, म्हणून लिहून ठेवते आहे.

माझं लग्न झालं तेव्हा बेलापूर हे बेलापूर होतं, त्याला सेक्टर नव्हते. दिवाळं म्हणजे खाडीच्या काठावर दाटीनं बसलेली घरं, पुढे चिखल, त्यात कलंडलेल्या होड्या, आणि घरांच्या मागे शेणानं सारवलेलं मोठं खळं. पावसाळा सरून थंडी पडली की त्या खळ्यावर बायकांचं राज्य. पहाटे होड्या जवळा घेऊन यायच्या आणि ऊन चढायच्या आत तो पातळ पसरायचा. ताजा जवळा पसरला की खळं गुलाबीसर दिसायचं, दुपारी ते पिवळट व्हायचं, संध्याकाळी हातात घेतला तर कुरकुरायचा. मध्ये दोनदा तो हातानं उलथावा लागे. कंबर मोडायची, पण गप्पा अशा रंगायच्या की कंबरेची आठवण घरी गेल्यावरच. सकाळी जमिनीवरून मतलई वारा सुटायचा, तो इतका गार की बोटं वाकायची नाहीत. मी मोरा बंदराहून आलेली, नवी सून, सातवी पास. त्यामुळे माझी चेष्टा करायचा हक्क सगळ्या खळ्याला होता. ‘‘शिकलेली बाई जवळा मोजून पसरते,’’ असं सासूबाई म्हणायच्या. त्यांना आम्ही आय म्हणायचो.

विमानं तेव्हाही दिसायची. सांताक्रूझला उतरणारी काही विमानं खाडीवरून वळसा घेत जायची. सगळ्यांच्या पंखांखाली मडकी लटकवल्यासारखी इंजिनं दिसायची. आम्ही बघायचो, आणि पुन्हा जवळ्याकडे वळायचो. विमानात आपलं कोणी बसेल असं कुणाच्या डोक्यात नव्हतं.

आणि नेमके बसले ते आमचे हे.

ह्यांचं नाव दामोदर, घरात दामू. मुंबईच्या गोदीत लाँच चालवायचे. इंजिनाची जाण इतकी की नुसत्या आवाजावरून कुठला नट ढिला झालाय ते सांगत. कुवेतला एका कंपनीला लाँच चालवणारी माणसं हवी होती, तीही ताबडतोब, म्हणून आगबोटीऐवजी विमानानं नेणार होते. लग्नाला आठ महिने झाले होते. मी रडले नाही, कारण आय रडत होती आणि दोघींनी रडायचं तर चुलीकडे कोण बघणार? पण आदल्या दिवशी मी जवळा असा काही पसरला की एका बाजूला ढीग आणि दुसऱ्या बाजूला नुसतं शेण. कुणी चेष्टा केली नाही.

शुक्रवारी सकाळी आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ह्यांना स्वतःच्या होडीतून भाऊच्या धक्क्यावर नेलं. आबा गावातले जुने तांडेल, होडीवरच्या खलाशांचे म्होरके. अक्षर एक येत नव्हतं, पण बंदरातली कुठलीही होडी नजरेच्या टप्प्यात आली की नुसत्या बावट्यावरून नि शिडाच्या ठिगळावरून ती कुणाची ते सांगायचे. धक्क्यावरून दोघे विमानतळावर गेले. तिथे आबांनी, जसं कुठल्याही बंदरात विचारतात तसं, एका टोपीवाल्या माणसाला विचारलं, नाव काय हिचं? त्यानं सांगितलं, कॉमेट.

घरी आल्यावर आबांनी ओटीवर बसून सगळ्या गावाला कॉमेटचं वर्णन ऐकवलं. पांढरी स्वच्छ, खाली निळा पट्टा, गोल खिडक्या. पंखाखाली मडकी नाहीत, इंजिनं पंखाच्या मुळात गिळून घेतलेली. ‘‘काम नेटका हाय,’’ असा त्यांनी दाखला दिला. आबांनी कुणाच्या होडीला नेटकं म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. आयनं त्याच संध्याकाळी खाडीत नारळ सोडला. होडी पहिल्यांदा पाण्यात उतरते तेव्हा नाव घेऊन नारळ सोडायची आमची रीत. आयनं नाव घेतलं कॉमेटचं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे होडी म्हणजे घरातलं माणूस. तिला नाव असतं, आणि एका बंदरात एका नावाच्या दोन होड्या नसतात. होडी बुडाली तर तिचं नाव गावात कुणी पुन्हा ठेवत नाही. त्यामुळे कॉमेट हे एका विमानाचं नाव, ते एकच विमान जगात, ते आमच्या दामूला घेऊन गेलं, याबद्दल दिवाळ्यात कुणाला शंका नव्हती. मलाही नव्हती. सातवी पासचा काही उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी आय मासळी घेऊन बेलापूरच्या बाजारात गेली आणि दहाच्या सुमाराला परत आली. डोक्यावर पाटी नव्हती. मी खळ्यावरून पाहिलं आणि माझे हात तिथेच थांबले, कारण आयनं पाटी बाजारात सोडून येणं हे घर सोडून येण्यासारखं होतं. ती चालत होती, पण कुठे चालते आहे ते तिला कळत नव्हतं. माझ्यापाशी येऊन ती जवळ्यातच बसली.

‘‘हाटेलातला रेडिओ सांगते,’’ ती म्हणाली. ‘‘कॉमेट दर्यात पडली. कुनी वाचला नाय.’’

मी काय केलं ते मला आठवत नाही. शेजारच्या सांगतात की मी जवळा उलथत राहिले. असेल. एवढं आठवतं की ऊन होतं, आणि कुणीतरी माझे हात धरून मला उठवत होतं, आणि मी म्हणत होते की एक बाजू राहिली आहे. दुपारपर्यंत ओटी बायकांनी भरून गेली. त्यातल्या म्हाताऱ्या माझ्या मनगटांकडे बघत होत्या. वाईट मनानं नव्हे. पुढे काय करायचं ते त्यांनाच माहीत असतं, म्हणून. हिरव्या बांगड्या होत्या, लग्नातल्या, आठ महिन्यांत दोनच फुटलेल्या. मी पदर ओढून हात झाकले. मला त्या वेळी ह्यांचा चेहराही आठवेना आणि त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

आबा दारात आले आणि म्हाताऱ्यांना म्हणाले, ‘‘फली गावल्याबिगर होडी बुडली म्हनाचा नाय. तिच्या हाताला कुनी हात लावाचा नाय.’’

हीसुद्धा आमच्याकडची रीत. होडी आली नाही तर तिची एखादी फळी, डोलकाठीचा तुकडा, काहीतरी किनाऱ्याला लागेपर्यंत घरात सुतक धरत नाहीत. बायका मुकाट्यानं उठल्या. पण विमानाची फळी दिवाळ्याच्या खाडीत कशी लागणार, हे आबांनाही समजत असणार. त्यांनी मला फक्त वेळ मिळवून दिला होता. त्याबद्दल मी त्यांना जन्मभर मानलं.

रविवारी सकाळी मी खळ्यावर गेले. नाही गेले तर आदल्या दिवशीचा माल कुजला असता, आणि घरात बसून मनगटं बघत राहण्यापेक्षा ते बरं होतं. बायका माझ्याशी बोलत नव्हत्या आणि माझ्याकडे बघतही नव्हत्या. ऊन जरा वर आलं असेल, तोच खाडीवरून आवाज आला. एक विमान वळसा घेत होतं. पांढरं. पंखाखाली मडकी नव्हती. इंजिनं पंखाच्या मुळात गिळलेली.

आय उभी राहिली. तिनं दोन्ही हात वर केले आणि ती धावत सुटली, चिखलापर्यंत, विमानाच्या मागे. कॉमेट आली, कॉमेट परत आली, एवढंच म्हणत होती. सगळं खळं तिच्यामागे धावलं. मीही धावले. मी अशी धावले की सुकत घातलेल्या जवळ्यातून पाय टाकत गेले, आणि त्या दिवशी मला कुणी रागावलं नाही. बुडालेली होडी परत येत नाही. परत आली म्हणजे बुडालेलीच नव्हती, रेडिओच खोटा. इतकं सरळ होतं ते. मला आयुष्यात इतका आनंद कधीच झालेला नाही. लग्नात नाही, मुलगा झाला तेव्हाही नाही. खोटं कशाला सांगू?

तो आनंद अर्धा तास टिकला. गावच्या शाळेत साताऱ्याकडचे एक मास्तर होते, एकटे राहायचे, मुंबईचं वर्तमानपत्र एक दिवस उशिरानं मागवून वाचायचे. गलका ऐकून ते आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, आणि आबांना बाजूला घेऊन हळू आवाजात सांगायला लागले. पण खळ्यावर हळू आवाजात काही राहत नाही.

‘‘तांडेल, कॉमेट हे एका विमानाचं नाव नव्हे. घडणीचं नाव आहे. तुम्ही मचवा म्हणता, म्हणजे जगात एकच मचवा असतो का? पुष्कळ देशांच्या कंपन्यांनी ही कॉमेटं घेतलीत. त्यातलं एक पडलं. आत्ता गेलं ते दुसरं.’’

मला त्या माणसाचा इतका राग आला की हातात होती ती जवळ्याची मूठ मी त्याच्या अंगावर फेकली. नवी सून, मास्तरांवर. त्यांनी शर्टावरचा जवळा झटकला. पुढे कित्येक वर्षं ते मला भेटले की लांबूनच विचारायचे, आज हातात काही नाही ना?

पण आबा तांडेल होते. त्यांनी मास्तरांचं बोलणं दुसरीकडून पकडलं. एक कॉमेट असती तर रेडिओ तरी खरा नाहीतर डोळे तरी खरे. पुष्कळ असतील तर पडली ती कुणाची, एवढाच प्रश्न उरतो. आणि होडी कुणाची ते ओळखणं हे तर त्यांचं रोजचं काम होतं. मास्तरांकडच्या वर्तमानपत्रात पडलेल्या विमानाच्या कंपनीचं नाव होतं. दामू कुठल्या कंपनीच्या विमानानं गेला ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. कागदपत्रं सगळी त्याच्याबरोबर गेलेली. आबांनी नाव विचारलं होतं, मालक विचारला नव्हता.

‘‘मालक इचारला नाय,’’ आबा म्हणाले, ‘‘पन बावटा बगलाय.’’

ते घरात गेले, चुलीतला कोळसा घेतला आणि ओटीच्या चुन्याच्या भिंतीवर काढायला लागले. आधी शेपटी काढली, उंच, पुढून गोलसर. मग तिच्यावर खाली एक जाड पट्टा, पट्ट्याच्या वर चंद्रकोरीसारखी रेघ, आणि कोरीच्या पोटात तीन तिरप्या काड्या. दोन काड्या काढून थांबले, डोळे मिटले, आणि तिसरी काढली. अक्षर न येणारा माणूस, पण एक रेघ पुसावी लागली नाही. मास्तर बघत राहिले. मग म्हणाले, चला.

मतलई वारा होता आणि ओहोटी लागली होती. दोघे होडीनं मुंबईला गेले. पुढचं मी पाहिलेलं नाही, मास्तरांच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं आहे. ज्या एजंटानं ह्यांना पाठवलं त्याच्या ऑफिसला कुलूप, रविवारच होता. आबा पायरीवर बसले. मास्तरांना एकाएकी आठवलं की चर्चगेटकडे विमान कंपन्यांची ऑफिसं एका रांगेत आहेत. तीही बंद असणार, पण त्यांच्या काचेच्या खिडक्यांत लाकडाची छोटी छोटी विमानं मांडून ठेवलेली असतात. दोघे चालत तिथे गेले. आबा अनवाणी, कमरेला रुमाल, डोक्यावर कोळ्याची लाल टोपी. एकेका काचेला नाक लावून बघायचे. तिसऱ्या खिडकीत कॉमेट होती, पण शेपटीवर पक्षी होता. आबा म्हणाले, नाय. पुढे आणखी एक कॉमेट, शेपटीवर लाल अक्षरं. नाय. एका खिडकीपाशी मास्तरांनीच आधी पाटी वाचली आणि त्यांचे पाय थांबले, कारण पडलेलं विमान त्याच कंपनीचं होतं. त्यांनी आबांना काही सांगितलं नाही. आबा वाकले आणि बराच वेळ बघत राहिले. मास्तर म्हणायचे, त्या वेळात मी तुमच्या सगळ्या देवांची नावं घेतली, मला येत होती तेवढी. आबा सरळ झाले आणि म्हणाले, ‘‘नाय. ही नोय.’’

रांगेतल्या शेवटून दुसऱ्या खिडकीत चंद्रकोर होती. तिच्या पोटात तीन काड्या. आबांनी काचेवर पंजा ठेवला आणि तो तसाच ठेवून उभे राहिले. पहारेकरी आला नि हात काढायला सांगू लागला, तेव्हा मास्तरांनी त्याला बाजूला नेऊन समजावलं.

मला हे काही माहीत नव्हतं. मी दुपारभर खळ्याच्या कडेला बसून खाडीच्या तोंडाकडे बघत होते. भरती लागली, वारा फिरला, तशा एकेक होड्या आत येऊ लागल्या. भरपूर मासळी मिळाली की आमच्याकडे होडी खाडीत शिरतानाच बावटा चढवते, म्हणजे काठावरच्या बायका पाट्या घेऊन तयार राहतात. रिकामी होडी बावटा खाली ठेवून येते. आबांची होडी वळणावर दिसली. जाळं नव्हतं, मासळी नव्हती, आत फक्त दोन माणसं. आणि बावटा वर होता.

मी उठून उभी राहिले नाही. मी पदरातून हात बाहेर काढले आणि बांगड्या मोजल्या. मग आयच्या मांडीवर डोकं ठेवून पहिल्यांदा रडले. ती माझ्या केसांतून जवळ्याची कुसळं काढत राहिली आणि म्हणाली, ‘‘तुज्या मास्तरला च्या दे आता.’’

बाराव्या दिवशी ह्यांचं पत्र आलं. विमानात गोळी चघळायला दिली, कान दुखले, जेवणात मासळी नव्हती, इथली लाँच बरी आहे. तीन ओळी माझ्यासाठी होत्या, त्या मी कुणाला दाखवल्या नाहीत. इकडे काय झालं त्याची त्यांना काही कल्पनाच नव्हती. दोन वर्षांनी परत आले तेव्हा भिंतीवरचं चित्र बघून म्हणाले, हे कोणी काढलं? सगळं ऐकल्यावर हळूच कबूल केलं, की मलाही ती एकच आहे असं वाटत होतं. त्यावर आबा इतके हसले की खोकला लागला.

ती भिंत नंतर आबांनी सोडली नाही. वर कॉमेट गेली आणि शेपटी नीट दिसली की कोळसा घेऊन ओटीवर. पक्षीवाली, लाल अक्षरांची, एक ताऱ्याची, एक नुसत्या पट्ट्यांची. मास्तर येऊन प्रत्येकीखाली कंपनीचं नाव लिहीत. दिवाळीला चुना लावताना तेवढा तुकडा सोडून लावायचा, असा हुकूम होता. पुढे पुढे कॉमेट दिसेनाशा झाल्या, पुन्हा मडक्यांची विमानं आली, मोठाली. मास्तर म्हणाले, तांडेल, तुमची नेटकी होडी आता मोडीत निघाली. आबांना ते आवडलं नाही. शहर आलं तेव्हा आमचं घर पाडून इमारत झाली, त्यात भिंतही गेली. कुणी फोटो काढून ठेवला नाही.

त्या भिंतीवर एक शेपटी अशी होती की तिच्याखाली आबांनी मास्तरांना नाव लिहू दिलं नव्हतं. ती पडलेल्या विमानाच्या कंपनीची. दरवर्षी हंगाम सुरू होताना आम्ही खाडीत नारळ सोडायचो, तेव्हा आबा दोन सोडायचे. एक आपल्या होडीचा आणि एक त्या शेपटीवाल्यांचा. ती माणसं कोण, कुठली, आम्हाला कधी कळलं नाही. पण त्या रविवारी कुठेतरी एका बाईच्या ओटीवर बायका जमल्या असतील आणि तिच्यासाठी बावटा चढवून कुणी आलं नसेल. मी सुटले, या आनंदात मला ती नेहमी आठवते. आबांच्यामागे दुसरा नारळ मी सोडते. सुनेला वाटतं, म्हातारीची हौस.

आता नात कामासाठी महिन्यातून दोनदा विमानानं जाते. फोनवर तिचं विमान नकाशावर सरकताना दिसतं, असं तिनं मला दाखवलं. मी म्हटलं, ते राहू दे, चढण्याआधी शेपटीचा एक फोटो पाठव. ती हसते, पण पाठवते.

आणि हे बाजूच्या खुर्चीत बसलेले असतात. नव्वदी जवळ आली, ऐकू जवळजवळ येत नाही, इंजिनाच्या आवाजावरून नट ओळखणारा माणूस आता डोक्यावरून गेलेलं विमानसुद्धा ऐकत नाही. माझी मान वर गेलेली बघूनच त्यांना कळतं. आज सकाळीही एक गेलं. मी उन्हात हात आडवा धरून बघत होते, शेपटी नीट दिसेना, म्हणून खुर्चीतून अर्धी उठले. ह्यांनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं. बांगड्या वाजल्या, त्या मात्र त्यांना ऐकू आल्या असाव्यात.

‘‘किती बगशील?’’ ते म्हणाले. ‘‘मी हितंच हाय.’’